अजिंठा : शिल्पांमागचे राजे आणि अमात्य

जळगावपासून साधारण ६० किलोमीटरवरच्या अजिंठ्यात पाचव्या शतकातली सत्ता दगडात वाचता येते.

• लेणे १६ : वाकाटक सम्राट हरिषेणाचा अमात्य वराहदेव याने हा विहार भिक्षुसंघाला दिला. व्हरांड्याबाहेरच्या लेखात विंध्यशक्तीपासूनची वाकाटक वंशावळ आहे.

• लेणी १७ व १९ : दाता हरिषेणाचा मांडलिक राजा. इतिहास-संशोधक वा. वि. मिराशी यांच्या मते त्याचे ऋषीक राज्य म्हणजेच आजचा खानदेश. धाकटा भाऊ रविसांब गेल्यावर हा राजा धर्मकार्याकडे वळला, असे १७व्या लेण्यातला लेख सांगतो. १९व्या लेण्याबाहेर सात फण्यांच्या छत्राखाली नागराज ऐटीत बसला आहे. शेजारी राणी, तिच्या माथ्यावर एकच फणा.

• लेणे २६ : अश्मक राजाचा अमात्य भव्विराज याच्या स्मरणार्थ त्याचा मित्र भिक्षू बुद्धभद्र याने हे चैत्यगृह घडवले. इथली महापरिनिर्वाण मूर्ती सुमारे ७ मीटर लांब आहे. उशीवर टेकलेला शांत चेहरा, खाली शोकाकुल शिष्य, वर स्वर्गीय वादक.

• राजाश्रयाविना : चाळीसगावजवळच्या पितळखोऱ्यात सापडलेल्या यक्षमूर्तीवर कण्हदास या सोनाराचे नाव कोरले आहे. ती अजिंठ्याच्या या लेण्यांहून काही शतके जुनी.

• दूर मंगोलियात : चंगीझ खानाच्या वंशातला झानाबझार (१६३५–१७२३) स्वतःच बौद्ध धर्मप्रमुख आणि मूर्तिकार होता. याउलट अजिंठ्यात दाता आणि शिल्पी वेगळे. शिल्पींची नावे मात्र दात्यांच्या या लेखांत नाहीत.