दमेकऱ्यांचा व्यायाम आणि आशेचे मानसशास्त्र

दम्याच्या रुग्णाने व्यायाम टाळावा, हा समज छत्रपती संभाजीनगरातील कितीतरी घरांत अजून पक्का आहे; मैदानावर एकदा धाप लागलेल्या मुलाला खेळाच्या तासाला बसवून ठेवले जाते आणि गोगाबाबा टेकडीवर फिरायला जाणारी मोठी माणसेही निदानानंतर घरीच थांबतात. या भीतीला शारीरिक आधार आहे. थंड, कोरड्या हवेत जोराने श्वास घेतला, की श्वासनलिकांच्या अस्तरातील ओलावा उडून जातो, तेथील पेशींतून हिस्टॅमिनसारखी रसायने सुटतात आणि नलिकांभोवतीचे स्नायू आवळतात. मराठवाड्यातील जानेवारीच्या पहाटे नेमकी अशीच हवा असते. हा त्रास बहुधा व्यायाम थांबल्यावर 5 ते 10 मिनिटांत सर्वाधिक वाढून तासाभरात ओसरतो, तर श्रमाची साधी धाप विसावा घेताच शमू लागते. हा फरक कोणी समजावलेला नसल्याने रुग्णाला प्रत्येक धाप दम्याच्या झटक्याची नांदी वाटते, चालणे सुटते, स्नायूंची ताकद घटते आणि मग जिना चढतानाही दम लागतो.

हे चक्र मोडण्यासाठी सकारात्मक मानसशास्त्र, म्हणजे मार्टिन सेलिग्मन यांनी 1998 पासून पुढे आणलेला माणसाच्या बळांचा अभ्यास, उपयोगी पडू शकतो. त्यातील चार्ल्स स्नायडर यांच्या मते आशा म्हणजे ध्येय, तिथवरचे मार्ग आणि त्या मार्गाने आपल्याला जाता येईल ही खात्री. म्हणून ‘रोज व्यायाम करा’ या मोघम सल्ल्याऐवजी आधी 10 मिनिटे संथ चालून मग हिमायत बागेत एक फेरी, थंडीत ऊन वर आल्यावर, आणि रस्त्याकडेला गाजरगवत फुललेले असेल तर त्याचे पराग टाळण्यासाठी घरातच, असे पर्याय रुग्णासोबत ठरवावेत. दम्याच्या नोंदी ठेवण्याच्या वहीतही त्रासाबरोबर ‘आज न थांबता फेरी पूर्ण झाली’ ही नोंद असावी. अल्बर्ट बांदुरा यांनी 1977 मध्ये मांडलेली स्वक्षमता, म्हणजे ‘हे मला जमेल’ हा विश्वास, अशा प्रत्यक्ष अनुभवातूनच सर्वाधिक वाढते. दमा असूनही पॉला रॅडक्लिफ यांनी 2003 मध्ये लंडन मॅरेथॉन 2 तास 15 मिनिटे 25 सेकंदांत जिंकली, हे उदाहरण स्फूर्ती देते खरे. तथापि आपल्यासारखाच माणूस पाहून विश्वास अधिक बळावत असल्याने, पंप घेऊन रोज फिरणाऱ्या शेजारच्या काकूंचा प्रभाव मोठा ठरतो.

अर्थात, आशेने आवळलेल्या नलिका मोकळ्या होत नाहीत. सूज आटोक्यात ठेवणारे औषध नियमित हवे, तातडीचा पंप लोकलज्जेने घरी न ठेवता खिशात हवा, आणि तो आठवड्यात दोनपेक्षा अधिक वेळा लागू लागला किंवा रात्री खोकल्याने जाग येऊ लागली, तर फेरी वाढवण्याआधी डॉक्टरांकडून औषधयोजना तपासून घ्यावी.