‘पेशंटला न सांगता दारू सोडवा’: जाहिरात, कमिशन आणि आपण

व्यसनी माणूस उपचारापर्यंत पोचतो कसा आणि त्या वाटेवर पैसे कोण कमावतं, हे आज आपण पाहू.

प्रतापगडला महाशिवरात्रीची मोठी यात्रा भरते. अशा यात्रांच्या वाटेवर, एसटी स्टँडच्या भिंतींवर ‘पेशंटला न सांगता दारू सोडवा’ ही ओळ आपण वाचलेली असते. ती बहुतेकदा घरातल्या बाईसाठी असते. नवरा उपचाराला तयार नाही, म्हणून तिला ती पटते. पण पुडीत काय आहे, हे तिला कोण सांगतं? त्यात डायसल्फिराम असेल आणि नवरा नेहमीसारखा प्याला, तर उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब उतरतो. हृदयविकार असेल तर जिवावर बेतू शकतं. डॉक्टरही हे औषध देतात. पण तपासून, पेशंटला सांगून, त्याच्या संमतीनं. ‘प्यालो तर त्रास होईल’ हे त्याला ठाऊक असणं, हाच त्या उपचाराचा गाभा. न सांगता दिलं की उरतो फक्त धोका.

आता कमिशन. पेशंट पाठवल्याबद्दल डॉक्टरानं कमिशन घेऊ नये, देऊही नये, असं मेडिकल कौन्सिलचे २००२ चे नियम सांगतात. पण ते बांधतात डॉक्टरांना. मधल्या एजंटाला नाही. आणि व्यसनात एक जास्तीची गोम आहे. व्यसन उलटणं हा या आजाराचाच भाग. म्हणजे माणूस पुन्हा प्याला की पुन्हा भरती, पुन्हा कमिशन. पेशंट बरा न होण्यातच ज्याचा फायदा, त्याच्या सल्ल्यावर विसंबायचं कसं? अमेरिकेत ही दलाली इतकी बोकाळली, की २०१८ मध्ये तिच्याविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला.

मग जाहिरात करूच नये का? तसं नाही. केंद्र कुठे आहे, डॉक्टर कोण, खर्च किती, हे लोकांना कळायलाच हवं. ‘शंभर टक्के गॅरंटी’ मात्र कुणीच देऊ शकत नाही. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसनं तर प्रचार न करण्याचं तत्त्वच पाळलंय; सदस्याचं नावही तिथे गुप्त राहतं.

तेव्हा कुणी केंद्राचं नाव सुचवलं, तर आपण चार प्रश्न विचारू. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ खाली नोंदणी आहे का? डॉक्टर रोज येतात का? घरच्यांना भेटू देतात का? आणि सुचवणाऱ्याला यातून काय मिळतं? शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो. तरी तोच आधी विचारावा. मधला माणूस नकोच असेल, तर १४४४६ ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे. तिथे सल्ल्याचे पैसे लागत नाहीत.