बोर्ड डेड आहे

कोल्हापूर-सांगलीच्या हद्दीवरच्या वारणा खोऱ्यात, वारणानगरभोवतीच्या ७० गावांत १९९८ साली संगणक नेण्याची योजना आली, तेव्हा तिची देशभर चर्चा झाली. उसाची नोंद, तोडीची पावती, वजन, बिल हे सगळं कारखान्यावर खेटे न घालता गावातच कळावं, असा बेत होता. पुढे दहा वर्षंही झाली नव्हती, तोच बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चने त्याच भागातल्या सात गावांत संगणक बाजूला ठेवून साधा मोबाइल आणि एसएमएस वापरून पाहिला. काम भागलं. संगणक सांभाळायचा खर्च आणि त्याची दुखणी मोबाइलला नव्हती.

१९९८ च्या सुमाराचे संगणक म्हणजे प्रामुख्याने पेंटियम. शहरातल्या गाळ्यांतून असेंबल झालेले, पांढऱ्या पत्र्याच्या पेटीतले. आज ते भंगारात वजनावर जातात. एखादा वाचवावा असं वाटणारे लोक मात्र आहेत. कुणाला डॉसवरचे जुने खेळ हवे असतात. कुणाच्या कारखान्यात असं एखादं यंत्र असतं, की त्याचं कंट्रोल कार्ड आयएसए स्लॉटशिवाय कुठेच बसत नाही. आणि कुणाकडे फ्लॉपीवर वीस-तीस वर्षांपूर्वीचा मराठी मजकूर अडकलेला असतो.

दुरुस्तीवाल्याकडून पहिलं वाक्य ऐकू येतं ते ‘बोर्ड डेड आहे’. बहुतेक वेळा ते खरं नसतं. प्रोसेसर सहसा मरत नाही, चिपसेटही क्वचितच. बोर्ड मारतात ते त्याच्यावरचे सगळ्यात स्वस्त भाग.

त्यात पहिला नंबर बॅटरीचा. ४८६ आणि त्याआधीच्या बोर्डांवर कीबोर्डच्या सॉकेटशेजारी ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियमची नळकांडी असायची. ती फुटली की आतला क्षार बाहेर येतो आणि हिरव्या मुलाम्याखालून तांब्याचे ट्रॅक खात सरकतो. कीबोर्ड चालेनासा झाला की आधी तिकडे बघावं. आपल्याकडचा जुलै-ऑगस्टचा दमटपणा या कामाला हातभारच लावतो. बॅटरी काढायची, जागा व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसाने पुसायची म्हणजे क्षार मरतो, मग स्वच्छ पाणी आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल. तुटलेला ट्रॅक केसासारख्या बारीक इनॅमल तारेने जोडायचा आणि मल्टिमीटरने एकेक टोक तपासायचं. पाण्याचं नाव काढलं की माणसं दचकतात. पण कोल्हापूर-सांगलीतल्या २०१९ आणि २०२१ च्या पुरात गाळाखाली गेलेला बोर्डही आधी पाण्यानेच धुवावा लागतो. वीज आणि बॅटरी नसेल तर पाणी त्याचं काही बिघडवत नाही. बिघडवतो तो मागे राहणारा गाळ. वाळवायला घाई मात्र करू नये.

पेंटियमच्या सुरुवातीच्या काही बोर्डांवर घड्याळाची चिप आणि तिचा लिथियम सेल एकाच काळ्या ठोकळ्यात बंद असतात. सेल दहा-बारा वर्षांत संपतो आणि संगणक दर वेळी तारीख आणि डिस्कची माहिती विसरतो. ठोकळा बाजूने घासून आतल्या दोन पट्ट्या उघड्या करायच्या, जुन्या सेलचा संबंध तोडायचा आणि बाहेरून साध्या बटण सेलचा होल्डर जोडायचा. हे काम मला सगळ्यात समाधानाचं वाटतं. पैसे जवळजवळ लागत नाहीत, हात स्थिर लागतो.

कॅपॅसिटर बदलताना चुका जास्त होतात. माथा फुगला असेल तर बदलायचाच. क्षमता तीच, व्होल्टेज तेवढं किंवा जास्त, १०५ अंशांचा आणि कमी ईएसआरचा. बोर्डावर रंगवलेली अर्धगोल बाजू ऋणच असेल असं धरून चालू नये. काही कंपन्यांनी उलट छापलंय, म्हणून काढण्याआधी फोटो काढावा. अर्थिंगचा पाय सुटत नाही, कारण आतला तांब्याचा पसरट थर सगळी उष्णता ओढून घेतो. इथे सोल्डरिंग आयर्न दमदार हवं. कमी वॉटचं आयर्न जास्त वेळ धरून ठेवलं की पॅडच उचकटून येतं. आणि न फुगलेले कॅपॅसिटर केवळ वय झालं म्हणून सरसकट बदलू नयेत, असं माझं मत आहे. प्रत्येक डाग म्हणजे एक नवी जोखीम.

बोर्ड चालू झाला की अपग्रेडचा मोह सुटतो. सॉकेट ७ वर १६६ च्या जागी २३३ मेगाहर्ट्‌झचा एमएमएक्स बसवणं हा त्यातला सोपा भाग. जंपरांच्या तक्त्यात साडेतीन पट नसेल तरी बिघडत नाही. दीड पटीचा जंपर हा प्रोसेसर साडेतीन पटच समजतो आणि बसच्या ६६ चे २३३ होतात. पण त्याच्या गाभ्याला २.८ व्होल्ट हवेत. एकच व्होल्टेज देणाऱ्या बोर्डावर तो तापून हैराण होतो.

मेमरीची गंमत वेगळी. इंटेलचे व्हीएक्स आणि टीएक्स चिपसेट पहिल्या ६४ एमबीलाच कॅशेचा लाभ देतात. हौसेने १२८ एमबी घालावी आणि विंडोज ९८ उलट मंदावावं, असं घडतं. डिस्कचंही तसंच: कुठला बायोस ८.४ जीबीला अडतो, कुठला ३२ जीबीच्या वर गेलं की सुरूच होत नाही. उपाय म्हणून कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड आयडीईच्या साध्या अडॅप्टरवर लावतात. मुळात ते कार्ड आयडीईचीच भाषा बोलतं, त्यामुळे मधे कुठली चिपही लागत नाही.

नवा बोर्ड घ्या, एवढी कटकट कशाला, असं विचारणारे असतातच. त्यांना नव्या बोर्डावर सहसा न मिळणारा आयएसए स्लॉट दाखवावा. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक सुरू झालं आणि मोहन तांबे यांच्या गटाने आयआयटी कानपूरमध्ये घडवलेलं जिस्ट तंत्र तिथे आलं. त्याचं कार्ड याच स्लॉटमध्ये बसायचं आणि इंग्रजीपुरत्याच डॉसमध्ये देवनागरी उमटायची. तेव्हाचा मजकूर इस्की संकेतांत आहे. आजचा संगणक तो उघडून अक्षरांचा चिवडा दाखवतो. इस्कीचं युनिकोड करता येतं. पण ओळ पूर्वी पडद्यावर नेमकी कशी दिसत होती, हे ताडून बघायचं तर कार्ड, स्लॉट आणि चालता बोर्ड तिन्ही लागतात. फायली उतरवून झाल्या की बोर्ड पिशवीत घालून ठेवण्याआधी त्यावरचा सेल काढून घ्यावा.