पावतीपुस्तक, कीर्द आणि खरी कमाई

शाळेसाठी गोळा केलेली लोकवर्गणी शाळेच्या खात्यात जमा होते आणि तिथूनच खर्च होते. पोलादपूर तालुक्यातील कापडे परिसरात अशा वर्गणीला मुंबईकर चाकरमान्यांचा मोठा आधार असतो. गणपतीला किंवा शिमग्याला माणसे गावी आली की बैठक बसते, आकडे ठरतात.

शिक्षण हक्क कायदा, २००९ मधील कलम १३ नुसार प्रवेशासाठी देणगी घेता येत नाही; घेतल्यास रकमेच्या दहापटीपर्यंत दंड होतो. म्हणून वर्गणीचा मुलाच्या प्रवेशाशी संबंध येता कामा नये. कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात. सरकारी असो वा इतर कुठला, आलेला निधी कसा वापरला जातो यावर लक्ष ठेवणे हे समितीचे काम.

हिशेबाची खरी कसोटी पावतीपुस्तकात लागते. मूळ पावती देणाऱ्याला, स्थळप्रत पुस्तकात. रक्कम अंकी आणि अक्षरी. पाच हजारांहून अधिक रकमेच्या पावतीवर एक रुपयाचे महसुली तिकीट. लिहिताना चूक झाली तर पावती फाडून फेकायची नाही; तिच्यावर ‘रद्द’ लिहून दोन्ही प्रती जागेवर ठेवायच्या. मधलाच एक क्रमांक नाहीसा झाला, तर साऱ्या पुस्तकावरचा विश्वास उडतो.

किर्दीत डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला खर्च. हाती आलेली रोकड परस्पर सुताराला किंवा गवंड्याला दिली की काम होते, पण माग राहत नाही. आधी बँकेत भरणा, मग समितीचा ठराव, मग संयुक्त सहीने पैसे काढणे, हा क्रम सोडू नये. प्रत्येक खर्चामागे क्रमांक घातलेले बिल हवे.

वस्तूंची नोंद मात्र हमखास राहून जाते. २२ जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत पोलादपूर तालुक्यात केवनाळे व सुतारवाडी येथे दरडी कोसळल्या. अशा आपत्तीनंतर शाळेकडे येणाऱ्या वह्या-दप्तरांचीही साठा नोंदवहीत आवक लिहावी आणि वाटपापुढे पालकांच्या सह्या घ्याव्यात.

मुलांचा हिशेब स्काऊट-गाइडच्या ‘खरी कमाई’ या उपक्रमात दिसतो. समजा, एका गटाने लिंबू, साखर, पेले यांवर १८० रुपये घालून ३१० रुपयांचे सरबत विकले. गल्ल्यातले ३१० म्हणजे कमाई नव्हे. घरून आणलेले १८० आधी परत करायचे. उरलेले १३० गटाच्या वहीत जमा होतात. मोजणी दोन मुलांनी मिळून करावी, सही दोघांची घ्यावी. त्या पैशांचे काय करायचे, हे गटाने बसून ठरवावे आणि तो निर्णय त्याच पानावर लिहावा.