पिझ्झ्याला स्टार, हॉस्पिटलला नमस्कार!

हॉटेल, सिनेमा, कॅब... सगळ्यांना रेटिंग देणारे आपण हॉस्पिटलमधून मात्र मुकाट्याने बाहेर पडतो. आपल्याच राज्यातल्या काही गावांनी मात्र सरकारी दवाखान्याला मार्क देऊन दाखवलेत. आणि त्याचा उपयोगही झालाय!

पिझ्झा दहा मिनिटं लेट आला तर आपण काय करतो? एक स्टार कापतो. कॅबवाल्याने एसी लावला नाही? आणखी एक कापतो. आणि ओपीडीत तीन तास बसवून डॉक्टरांनी मान वर न करता दोन मिनिटांत प्रिस्क्रिप्शन खरडलं तर? ‘थँक यू डॉक्टर’ म्हणतो आणि पार्किंगचे पैसे भरून निघतो. राग निघतो तो घरी, नाहीतर ऑफिसच्या कँटीनमध्ये.

कारण सिंपल आहे. पिझ्झावाल्यावाचून आपलं काही अडत नाही, डॉक्टरांवाचून अडतं. घरचं माणूस आत अ‍ॅडमिट असताना ‘सिस्टर, सलाइन संपून अर्धा तास झाला’ एवढं सांगायलाही जीभ रेटत नाही. उगाच वाईटपणा कशाला? त्यांनी पेशंटवर राग काढला तर? मग डिस्चार्जच्या वेळी फीडबॅक फॉर्म येतो. फॉर्म देणारी सिस्टर समोरच उभी, खाली टॅक्सी थांबलेली. धडाधड ‘एक्सलंट’वर टिकमार्क. झाला फीडबॅक!

लाल, पिवळा, हिरवा

ही भीती काही फक्त शहरातली नाही. गावाच्या टप्प्यात एकच प्राथमिक आरोग्य केंद्र असेल, तर तिथल्या डॉक्टरांना नाराज करून जायचं कुठे? तरीही गावकरी बोलले, कारण ते एकेकटे बोलले नाहीत.

२००७ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात ‘लोकाधारित देखरेख’ हा प्रयोग नऊ राज्यांत सुरू झाला. महाराष्ट्रात सुरुवातीला पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव, असे पाच जिल्हे होते. समन्वयाचं काम पुण्याच्या ‘साथी’ या संस्थेकडे होतं.

फंडा एकदम सोपा. गावातल्या समितीने लोकांना साधे प्रश्न विचारायचे. नर्सबाई गावात येतात का? लसीकरण होतं का? केंद्रात औषधं मिळतात की बाहेरून आणायला लावतात? कोणी पैसे मागितले का? उत्तरांवरून रिपोर्ट कार्ड तयार करायचं. चांगलं असेल तर हिरवा, बरं असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही कळावं की आपला दवाखाना पास झाला की नापास!

खरी गंमत पुढे होती. हे कार्ड फायलीत न जाता ‘जनसुनवाई’त मांडलं जायचं. एका बाजूला गावकरी, दुसऱ्या बाजूला मेडिकल ऑफिसर आणि वरचे अधिकारी. माइक बायांच्याही हातात. उत्तर तिथेच, सगळ्यांसमोर द्यायचं. बाहेरून औषधं आणायला लावणं, मोफत सेवेचे पैसे घेणं, असे प्रकार यामुळे अनेक ठिकाणी थांबले. कधीकधी डॉक्टरांचीही बाजू कळायची. पदं रिकामी, औषधांचा पुरवठा अर्धवट. मग तोच प्रश्न गावकरी वरच्या अधिकाऱ्यांना विचारायचे.

यातून आपण काय घ्यायचं? फीडबॅकला वजन येतं ते तीन गोष्टींमुळे. तो नेमका असला पाहिजे, अनेकांचा असला पाहिजे आणि त्याचं उत्तर देणं कोणावर तरी बंधनकारक असलं पाहिजे. नुसत्या स्टारमध्ये यातलं काय असतं?

गोड बोलणारे डॉक्टर

स्टारचा आणखी एक लोचा आहे. गोड बोलणाऱ्या, साध्या तापालाही सलाइन लावणाऱ्या डॉक्टरांना पाच स्टार मिळतात. ‘इंजेक्शनची गरज नाही, आराम करा’ म्हणणाऱ्यांना तीन! म्हणून ‘तुम्ही खूश आहात का?’ हा प्रश्नच थोडा चुकीचा आहे. ‘काय घडलं?’ हा प्रश्न जास्त कामाचा. आजाराचं नाव सांगितलं का? गोळ्या कशासाठी ते समजावलं का? ऑपरेशनआधी खर्चाचा अंदाज दिला का? बेल दाबल्यावर किती वेळाने कोणी आलं? ‘स्टाफ बेकार आहे’ यावर कोणी काही करू शकत नाही. ‘रात्री दोन वाजता बेल दाबली, पाऊण तासाने सिस्टर आल्या’ यावर करता येतं. निदान नाइट ड्यूटीला माणसं कमी आहेत, हे तरी कळतं.

शहरात काय सोय आहे?

केंद्र सरकारने २०१६ मध्ये ‘मेरा अस्पताल’ सुरू केलं. नोंदणीच्या वेळी दिलेल्या मोबाइलवर एसएमएस किंवा फोन करून पेशंटचं मत घ्यायचं, अशी ही कल्पना. नाराज असाल तर कारणही निवडायचं: स्टाफची वागणूक, स्वच्छता, खर्च की उपचारांचा दर्जा. मुख्य म्हणजे, हे उत्तर सिस्टरच्या नजरेसमोर द्यावं लागत नाही.

खासगी हॉस्पिटलसाठी राज्य सरकारने जानेवारी २०२१ मध्ये नर्सिंग होमच्या नोंदणीचे नियम बदलले. रुग्ण हक्कांची सनद आणि ठराविक सेवांचे दर दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं. तक्रार कुठे करायची, हेही तिथे लिहिलेलं हवं. पण रिसेप्शनच्या भिंतीवर आपण बघतो काय? टीव्ही!

तुम्ही डिस्चार्ज घेऊन घरी आलात, सुटलात. पण त्या बेडवर संध्याकाळपर्यंत दुसरा पेशंट येतो. तुमच्या चार ओळी त्याच्या कामाला येतील.

पुढच्या वेळी एवढं करा

• फॉर्म घरी न्या. दोन दिवसांनी, डोकं शांत झाल्यावर भरा.

• तारीख, वेळ, वॉर्ड लिहा. विशेषणं कमी, घटना जास्त.

• पेशंटलाही विचारा. तुम्ही ऑफिसला गेल्यावर वॉर्डात काय घडलं, ते त्यालाच माहीत.

• तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. उत्तर आलं नाही तर ती पोच घेऊन महापालिकेच्या आरोग्य विभागात जा.

• चांगलं वागलेल्या मावशींचं, वॉर्डबॉयचं नाव आवर्जून लिहा. त्यांच्या वाट्याला नाहीतर फक्त आरडाओरडाच येतो!