हेलियमची दुसरी भेट

18 ऑगस्ट 1868. खग्रास ग्रहणाची सावली भारतावरून सरकत होती आणि गुंटूरला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ यान्सेन वर्णपटदर्शकाला डोळा लावून बसले होते. झाकल्या सूर्याच्या कडेने उसळणाऱ्या ज्वाळांच्या प्रकाशात एक पिवळी रेघ होती; सोडियमच्या रेघेच्या शेजारची, पण सोडियमची नव्हे. इंग्लंडमध्ये लॉकियर यांनी ती नव्याच मूलद्रव्याची ठरवली आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याचं बारसं केलं : हेलियम. पृथ्वीवर तो हाती लागायला 1895 उजाडलं. आपल्या विजयदुर्गावर 18 ऑगस्टला हेलियम दिवस साजरा होतो, तो या रेघेसाठी.

आणि दीडशे वर्षांनी, 2018 मध्ये, हाच वायू परक्या सूर्याच्या ग्रहावर सापडल्याची बातमी आली. ग्रहाचं नाव वॅस्प-107बी, मुक्काम कन्या तारकासमूहात, सुमारे 210 प्रकाशवर्षांवर. आकार जवळजवळ गुरूएवढा, वस्तुमान मात्र गुरूच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. इतका फुगीर, इतका हलका!

हा ग्रह कुणी साध्या ठिपक्यासारखाही पाहिलेला नाही. दिसतो तो फक्त त्याचा तारा. दर पावणेसहा दिवसांनी ग्रह ताऱ्यासमोरून जातो आणि ताऱ्याचा उजेड दोनेक टक्क्यांनी उतरतो. त्याच वेळी उजेडाची एक बारीक तिरीप ग्रहाच्या कडेच्या हवेतून गाळून आपल्याकडे येते. प्रत्येक वायू आपले ठरावीक रंग गिळतो. नेमक्या त्या रंगात पाहिलं, की ग्रहाची सावली जरा मोठी दिसते. डोळ्यांना न दिसणाऱ्या, 1083 नॅनोमीटरच्या अवरक्त रंगात हबल दुर्बिणीला ती तशी मोठी दिसली. हा रंग हेलियमचा. ताऱ्याच्या माऱ्याने ग्रहाची हवा हजारो किलोमीटर उसळते आहे, अवकाशात विरते आहे.

पुढे वेब दुर्बिणीने त्याच हवेत पाण्याची वाफ ओळखली, आणि सल्फर डायऑक्साइडही. आगपेटीची काडी ओढताच नाकाला झोंबतो, तोच वायू. आणि ढग? ते वाळूचे! खोलवरच्या उष्णतेत वाळूची वाफ होते, वर येऊन गोठते, पुन्हा खाली बरसते. आपल्याकडे पाणी करतं तेच चक्र तिथे वाळू फिरवते.

हबलने टिपलेला तो उजेड त्या हवेतून गाळून निघाला एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. यान्सेन गुंटूरला ग्रहणाची वाट पाहत होते, तेव्हा तो वाटेतच होता, निघून पन्नासहून अधिक वर्षं झालेला.