दारचें जुनें झाड

कोंकणपट्टींत कोणाच्या घराचा पत्ता विचारला, तर घराचा क्रमांक सहसा कोणी सांगत नाहीं. 'दारांत मोठा फणस आहे तें घर,' असें सांगतात. श्रीवर्धन तालुक्यांतील आमच्या घराची खूणही तीन पिढ्या हीच होती. दारांत फणस आणि परसांत रायवळ आंबा. दोन्ही झाडें आमच्या पणजोबांच्या हातचीं. ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें, आणि त्या दिवसापासून आमच्या घरास ती खूण उरली नाहीं.

त्या दुपारीं घरांतील तेरा माणसें वाऱ्याचा आवाज ऐकत माजघरांत बसून होतीं. मध्येंच जमीन हादरल्यासारखें झालें. वारा उतरल्यावर दार उघडून पाहतों तों फणस मुळासकट उपटून गोठ्यावर आडवा झालेला! गुरें आदल्या रात्रींच शेजारच्या पक्क्या पडवींत नेऊन बांधलीं होतीं, म्हणून जीवहानि टळली. परसांतला आंबा मात्र चार डहाळ्या गमावून उभा होता.

गांवांत सर्वांचेंच नुकसान झालें होतें. सबंध आगरें आडवीं झालीं होतीं. पोफळी काडीसारख्या मोडल्या होत्या. तेव्हां 'वादळापुढें कोणाचें चालतें?' असें म्हणून स्वस्थ बसणें सोपें होतें. परंतु एकाच वयाचीं, एकाच आवारांतलीं दोन झाडें; त्यांतलें एक पडावें व एक उभें राहावें याचें कारण काय, हा प्रश्न आमच्या मास्तरी मनास स्वस्थता देईना. चार दिवसांनीं आम्ही कुदळ घेऊन फणसाच्या खड्ड्यांत उतरलों. तेथें जें दिसलें तें लिहिण्यास संकोच वाटतो. तरी वाचकांच्या उपयोगीं पडेल म्हणून लिहितों.

फणसाच्या समुद्राकडच्या अंगास एकही जाड मूळ अखंड नव्हतें. सगळ्यांचीं टोकें एका सरळ रेषेंत तोडलेलीं, काळीं पडलेलीं व आंतून कुजलेलीं होतीं. ती रेषा आम्हीं लागलीच ओळखली. २०११ सालीं जुना गडगा काढून चिरेबंदी कुंपण घातलें, तेव्हां पायासाठीं खोडापासून दोन-तीन हातांवर चर खणविला होता. 'मुळें आड येतात, काय करूं?' असें गवंड्यानें विचारलें असतां 'तोडा' म्हणून आम्हींच सांगितलें. पुढें दोन वर्षांनीं पावसांत चिखल नको म्हणून सारें अंगण खोडास भिडवून सिमेंटानें बांधून घेतलें. वादळानें फणस पाडला हें खरें; पण त्याचा एक पाय आम्हीं नऊ वर्षें आधींच तोडून ठेविला होता, हेंही तितकेंच खरें.

वर जेवढें झाड तेवढेंच खालीं मूळ, अशी आपली समजूत असते. वस्तुस्थिति तशी नाहीं. अन्नपाणी घेणारीं बहुतेक मुळें जमिनीच्या वरच्या हात-दीड हात थरांतच असतात, आणि तीं फांद्यांच्या घेराबाहेरही दूरवर पसरलेलीं असतात. आमच्याकडे खालीं जांभा लागतो, समुद्रालगत पुळण असते. जांभ्यांत मूळ सहसा खोल शिरत नाहीं. पुळणींत त्याची पकड सैल राहते. म्हणून किनाऱ्यावरच्या झाडाची सारी भिस्त रुंद पसरलेल्या मुळांवर. शिवाय मुळांनाही श्वास लागतो. सिमेंटाखालीं हवा व पाणी पुरेसें पोंचत नाहीं, मुळें हळूहळू मरतात, आणि वरचीं पानें मात्र कित्येक वर्षें हिरवीं दिसत राहतात. खोडाभोंवतीं हातभर माती चढवून पार बांधला तरी परिणाम बहुधा तोच.

वराहमिहिरानें बृहत्संहितेंत वृक्षायुर्वेदाचा स्वतंत्र अध्याय घातला आहे. दोन झाडांमध्यें वीस हात अंतर उत्तम, सोळा मध्यम व बारा कनिष्ठ, असें तेथें सांगितलें असून, मुळें एकमेकांत गुंतलीं तर झाडें पीडित होतात असेंही म्हटलें आहे. सहाव्या शतकांतल्या त्या पंडिताचें लक्ष मुळांकडे होतें. तो अध्याय वाचलेल्या आमचें लक्ष मात्र कुंपणाकडे होतें!

फणसाचें लांकूड आवारांतून हलण्यापूर्वींच आंब्याचा प्रश्न उभा राहिला. आमचा पुतण्या मुंबईस नोकरीस असतो. टाळेबंदीमुळें तो तेव्हां घरीं होता. त्यानें स्पष्टच सांगितलें, "काका, झाड पुन्हां लावतां येईल, माणूस पुन्हां आणतां येणार नाहीं. आंबा स्वयंपाकघरावर झुकलेला आहे. काढून टाकूं या." आमच्या काकूंचें वय त्या वेळीं चौऱ्यायशी. त्या म्हणाल्या, "मी लग्न होऊन या घरांत आलें तेव्हांही तो असाच झुकलेला होता. इतक्या वर्षांत त्यानें कोणाचें काय वांकडें केलें?"

दोघांचेंही म्हणणें खोटें नव्हतें. पण भीतीनें तोडतांना काय किंवा मायेनें राखतांना काय, प्रत्यक्ष झाडाकडे पाहण्याचें राहूनच जातें. म्हणून कृषिविद्या शिकलेल्या एका ओळखीच्या गृहस्थांस बोलावून आम्हीं आंब्याची तपासणी केली. त्यांत जें शिकलों तें असें. जुना कल ही भीतीची गोष्ट नव्हे; झुकत वाढलेल्या झाडानें आपलें खोड व मुळें त्या मानानें भक्कम केलेलीं असतात. नवा कल मात्र भयसूचक होय. बुंध्याजवळची जमीन भेगाळली किंवा उचलली आहे काय, बुंध्याशीं अळंबीं उगवतात काय, बेचक्यांत चीर आहे काय, भिरुडाच्या भोंकांतून भुसा पडतो काय, हें पाहावें. खोड ठोकून पाहावें. पण पोकळ वाजलें म्हणजे झाड मेलेंच असें नव्हे. भोंवतालचा निरोगी थर पुरेसा जाड असला तर तें पुष्कळ वर्षें टिकतें.

आंब्याची जमीन शाबूत होती. स्वयंपाकघरावरच्या एका फांदीस मात्र बेचक्यांत चीर सांपडली. पुतण्याची भीति अगदींच निराधार नव्हती तर! ती फांदी काढावयाचें ठरलें.

फांदी तोडण्यांतही आपण चुकतों. वादळानंतर गांवांत भीतीपोटीं पुष्कळ झाडांचे शेंडेच उडविण्यांत आले. अशा झाडांस काठ्यांसारखे फुटवे फुटतात. त्यांचा जोड वरवरचा असल्यामुळें पुढच्या वादळांत तेच आधीं मोडतात. अमेरिकेच्या वनखात्यांतील शास्त्रज्ञ ॲलेक्स शिगो यांनीं हजारों झाडें उभीं चिरून अभ्यासिलीं व १९७७ सालीं आपला सिद्धांत मांडला. झाडाची जखम आपल्या जखमेसारखी भरून येत नाहीं. झाड तिच्याभोंवतीं जणूं भिंत घालून कूज कोंडून ठेवतें. फांदी खोडास मिळते तेथें एक फुगीर कडें असतें. तें दुखावूं नये. खोडाशीं सपाट कापूं नये व लांब खुंटही ठेवूं नये. कड्याच्या लगत बाहेरून कापावें. जड फांदीस खोडापासून हातभर दूर खालून अर्धवट छेद द्यावा, त्याच्या थोडें पुढें वरून तोडावी, आणि उरलेला खुंट शेवटीं कड्याशीं कापावा. म्हणजे साल खोडापर्यंत सोलली जात नाहीं. जखमेवर डांबर फासल्यानें कूज थांबत नाहीं, हेंही शिगो यांनीं दाखविलें.

वादळानंतर खाऱ्या वाऱ्यानें पानें भाजल्यासारखीं तांबूस होतात. तेवढ्यावरून झाड मेलें असें समजून कुऱ्हाड घेऊं नये. नखानें डहाळीची साल खरडावी. आंत हिरवें दिसलें तर थांबावें. माडास शेंड्याचा एकच कोंब असतो. तो शाबूत असेल तर झावळ्या फाटल्या तरी माड वांचतो, तो मोडला तर दुसरा फुटत नाहीं. पडलेले माड मात्र आवारांत कुजूं देऊं नयेत. गेंड्या भुंगा त्यांतच वाढतो व उभ्या माडांस लागतो.

तोडणें भागच पडलें तर कायदा पाहावा. महाराष्ट्रांत नागरी हद्दीसाठीं १९७५ चा वृक्षसंरक्षणाचा कायदा असून २०२१ च्या दुरुस्तीनें पन्नास वर्षें व त्यांहून जुन्या झाडांस विशेष संरक्षण मिळालें. वृक्षतोडीच्या १९६४ च्या कायद्याच्या यादींत आंबा व फणस दोन्ही आहेत. परंतु कायद्याहून जुना दंडकही आपल्याकडे आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत, म्हणजे इ. स. १७१५ च्या सुमारास, आरमारास लांकूड हवें असलें तरी रयतेच्या आंब्या-फणसांस हात लावूं नये, तीं झाडें वर्षा-दोन वर्षांत होत नाहींत, रयतेनें लेंकरांसारखीं वाढविलेलीं असतात, असें बजावलें आहे. झाड फारच जीर्ण असेल तर धन्यास राजी करून, द्रव्य देऊन मग तोडावें. जेथें राज्याच्या आरमारानेंही विचारून हात लावावा, तेथें आम्हीं घरांत कोणास न विचारतां मुळें तोडविलीं, ही खंत जात नाहीं.

परसांतली न्हाणीघराकडची फरशी आंब्यापासून पांच हातांपर्यंत आम्हीं उखडून टाकली. पूर्वीं पाचोळा जाळीत असूं. आतां तो झाडाखालीं पसरतों. खोडाभोंवतीं मात्र वीतभर जागा मोकळी ठेवतों, नाहीं तर साल कुजते. बांडगूळ फळावर येण्यापूर्वींच डहाळीसकट काढतों, कारण त्याचें चिकट बीं पांखरें दूरवर नेतात. मे २०२१ मध्यें 'तौक्ते' वादळ किनाऱ्यावरून गेलें. त्या रात्रीं पुतण्या मुंबईहून तीनदां फोन करून आंब्याची चौकशी करीत होता. आंबा उभा राहिला. तेव्हांपासून दर वर्षीं पावसाळ्यापूर्वीं पुतण्या स्वतः येऊन झाडाची तपासणी करतो.

दारांत नवा फणस लाविला आहे, कुंपणापासून चांगला वीस हात आंत. त्याची सांवली आमच्या वांट्यास यावयाची नाहीं. रोप लावतांना काकू पायरीवर बसून पाहत होत्या. त्यांनीं एवढेंच विचारलें, "पुढें कोणी चर खणायला आला, तर त्याला सांगायला घरांत कोण असेल?" त्या प्रश्नाचें उत्तर घरांतील मुलांस आजच शिकविलें पाहिजे, म्हणून हा लेखप्रपंच.